श्यामलाबाईंच्या स्क्रीनच्या कडा

श्यामलाबाई पाटणकरांचं कोणाशीच चटकन पटत नसे, त्यामुळे कॉम्प्युटरशीही पटलं नाही याचं घरात कोणाला नवल वाटलं नाही. बाईंनी जन्मभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला होता. मागच्या बाकावर कोणी कुजबुजलं, तर फळ्याकडे तोंड असतानाच त्या नाव घेऊन उभं करत. परीक्षेला वर्गावर त्यांची पाळी आहे म्हटलं की मुली आधीच रडवेल्या होत, कारण बाहीत दडवलेली चिठ्ठी बाईंना दारातून दिसायची. अशा बाईंना निवृत्तीनंतर, पुण्यात सहकारनगरच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये, एका मशीननं दाद देऊ नये हा त्यांना अपमान वाटे.

मशीन मुलाचं, शौनकचं. तो हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागला, दिवसभर तिथल्या कॉम्प्युटरपुढे बसून त्याचं मन भरलं, आणि घरचा जाडजूड मॉनिटर आईच्या वाट्याला आला. ही २००४ सालची गोष्ट. बाईंच्या यजमानांनी पाटणकरांचा कुलवृत्तांत जमवत आणला होता आणि काम अर्ध्यावर सोडून ते वारले होते. तो आपण टाइप करून छापायचा, असं बाईंनी मनावर घेतलं. एकेका पानावर चौकटी आखायच्या, चौकटीत नावं घालायची, आणि कोकणातल्या मूळ पुरुषापासून पुण्या-सांगलीच्या शाखांपर्यंत रेघा ओढायच्या. काम नकाशासारखं होतं, म्हणून बाईंना आवडलं.

गणपती आटोपले आणि तक्रारी सुरू झाल्या. पहिल्यांदा घड्याळ गेलं. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात वेळ दाखवणारं ते चिमुकलं घड्याळ.

"शौनक, तुझ्या मशीनमधलं घड्याळ पळालंय," बाई सकाळी म्हणाल्या.

"आई, तिथेच असतं ते. कोपऱ्यात बघ."

"बघूनच बोलते आहे. न बघता बोलायला मी तुमच्या कंपनीत नाही."

शौनकनं वाद घातला नाही. त्याची बस सुटत होती. सून नम्रता बँकेत, तीही घाईत. शौनकनं जाता जाता फोनशेजारी एक नंबर लिहून ठेवला आणि सांगितलं, उत्तरेश्वर म्हणून एक जण आहे, घरी येऊन बघून जातो.

उत्तरेश्वर मूळचा बार्शीकडचा. भोसरीला कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा त्यानं हार्डवेअरचा कोर्स केला, आणि आता वाघोलीहून मोटारसायकलवर निघून साऱ्या पुण्याचे बिघडलेले कॉम्प्युटर बघत फिरायचा. चाळिशीकडे झुकलेला, बोलायला गोड, आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची नाही या मताचा. तो आला, खुर्चीत बसला आणि कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, घड्याळ हितंच हाय की."

बाईंनी बोटाकडे पाहिलं. बोटाखाली घड्याळ होतं.

"आत्ता आलं असेल," बाई म्हणाल्या. "तुम्हाला बघून."

उत्तरेश्वर हसला. गिऱ्हाइकाची तक्रार खोटी ठरवण्यापेक्षा काहीतरी करून दाखवलेलं बरं असतं, हे तो जाणून होता. रिझोल्यूशन जास्त ठेवलंय, त्यानं चित्रं बारीक होऊन कडेला जातात, असं त्यानं समजावलं आणि ते कमी केलं. सगळी चित्रं पोरं जेवून उठावीत तशी टम्म झाली. पडदा जरासा थरथरत होता, तेही त्यानं घालवलं. मॉनिटरच्या पोटाखालची बटणं दाबून तिरकं गेलेलं चित्र सरळ चौकटीत बसवलं. मग बाईंनी स्क्रीनच्या कोपऱ्यातलं कचऱ्याच्या टोपलीचं चित्र आत घ्यायला सांगितलं. त्यानं ते आत ओढलं, आणि पुन्हा पळून जाऊ नये म्हणून चित्रांची आपोआप रांगेत बसायची खोड बंद केली. बाईंना बरं वाटलं. दोष सापडला, दोष गेला, असा तो दिवस त्यांनी मांडला.

दोष मॉनिटरचा नव्हता, हे वाचणाऱ्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही. बाईंच्या मनाच्या तळाशीही ते कुठेतरी पोचलेलं होतं, आणि त्या मॉनिटरवर एवढ्या चिडत होत्या त्या म्हणूनच.

त्यांचे वडील, आप्पा, चित्रकलेचे शिक्षक. त्यांना काचबिंदू झाला. मोतीबिंदू काढून टाकता येतो. काचबिंदूचं तसं नसतं. तो नजर कडेकडेनं खात येतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि खाल्लेलं परत देत नाही. आप्पा कितीतरी वर्षं वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं घडाघडा वाचत, आणि उठून चालायला लागले की दाराच्या चौकटीवर आपटत. घरात सगळे त्यांना धांदरट म्हणायचे. त्यांच्या टेबलाची व्यवस्था लहान श्यामलाकडे होती. तपकिरीची डबी, पाण्याचं भांडं, चष्म्याचं घर, पेन्सिली, सगळं टेबलाच्या अगदी मधोमध, एकमेकांना खेटून ठेवायचं. टेबल चांगलं लांबरुंद होतं, पण कडेला ठेवलेली वस्तू आप्पांच्या लेखी घरात नसायची. डबी वीतभर सरकली तरी ते घर डोक्यावर घेत. पुढे पुढे मधोमध ठेवलेलंही त्यांना सापडेना. मग टेबल आवरायचं कामच उरलं नाही.

हे शौनकला माहीत होतं. म्हणून आदल्या वर्षी तो आग्रहानं आईला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला होता. बाईंनी भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. मग त्यांना एका अंधाऱ्या खोलीत, पांढऱ्या परातीसारख्या खोलगट यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं. हातात एक बटण दिलं. समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आजूबाजूला कुठेही ठिणगी चमकली की बटण दाबायचं, एवढंच.

सुरुवातीच्या ठिणग्या दिसल्या. मग बराच वेळ काही दिसेना. बाई घाबरल्या. जन्मात कधी कोरा पेपर दिला नव्हता. आणि तेवढ्यात त्यांच्या कानांनी एक शोध लावला. ठिणगी चमकण्याच्या जरा आधी यंत्राच्या आत बारीक टक असा आवाज होत होता. त्यानंतर बाईंनी डोळ्यांना विचारलंच नाही. टक झालं की दाबायचं. पेपर एकदम सोपा झाला.

यंत्र चालवणाऱ्या मुलीनं निकालाचा कागद पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "आजी, हे भरवशाचं आलेलं नाही. दिवा नसतानाही तुम्ही बटण दाबताय. थोड्या दिवसांनी परत या, पुन्हा करू."

"एका पेपराला दोनदा बसायची आमच्याकडे पद्धत नाही," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून बाहेर आल्या. बाहेर शौनक मोबाइलवर ऑफिसशी बोलत उभा होता. त्यानं भुवया उंचावून विचारलं. बाईंनी सांगितलं, "पैकीच्या पैकी."

जन्मभर दुसऱ्यांच्या बाहीतल्या चिठ्ठ्या पकडणाऱ्या बाईंनी त्या अंधाऱ्या खोलीत काय केलं होतं, त्याला त्यांनी स्वतःशीसुद्धा नाव दिलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्याकडे एक उत्तर तयार होतं. माझे डोळे तपासून झालेत. आता बिघाड असलाच तर तो जगाचा.

आणि जग बिघडतच चाललं. दिवाळीच्या सुमारास रस्त्यावरची माणसं एकदम उगवायला लागली. बाई नात अस्मिताला रोज दुपारच्या शाळेत स्कूटीवरून सोडत. साऱ्या पुण्यातल्या बायका बांधतात तसा तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, मागे दप्तरासकट अस्मिता. आतापर्यंत रिकामा असलेला रस्ता, आणि अचानक हँडलला टेकेल इतक्या जवळ एखादा सायकलवाला. तो ना आलेला दिसायचा, ना येताना. पेरूच्या गाडीला स्कूटी घासली आणि पेरू रस्ताभर घरंगळले, तेव्हा बाई गाडीवाल्यावर उखडल्या. "गाडी रस्त्यात उभी करायची म्हणजे तिला दिवे लावा, भोंगा लावा! लोकांनी काय वास घेऊन ओळखायचं का?"

गाडीवाला म्हातारा, पेरू वेचत राहिला. अस्मिता मागून हळूच म्हणाली, "आजी, ती गाडी कधीची तिथे होती."

"स्कार्फ पुढे आला होता," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांनी स्कार्फ मागे घट्ट आवळून बांधायला सुरुवात केली. गॉगल काढून टाकला. माणसं उगवायची थांबली नाहीत. अस्मितानं मात्र आजीच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारून बसायला सुरुवात केली, आणि चौक आला की ती मोठमोठ्यानं सांगायची, "आजी, डावीकडून रिक्षा! आजी, बस!" बाईंना वाटलं, पोर खेळते आहे. पोर खेळत नव्हती. सात वर्षांचं ते लेकरू दोघींचा जीव मुठीत धरून बसत होतं आणि घरी कोणाला काही सांगत नव्हतं, कारण आजीची चुगली केली तर आजी रागावेल.

घरात कॉम्प्युटरची तब्येत ढासळत होती. बाण सापडेना. बाई माउस टेबलभर फिरवत आणि स्क्रीनवर बाण कुठेच नसे. उत्तरेश्वर आला, त्यानं माउस बदलला. तरी बाण पळे. मग त्यानं बाणामागे शेपूट लावून दिली. बाण हलला की मागे बाणांची माळ सरपटायची. त्यानं थोडे दिवस निभावलं. पुढे खालची पट्टी नाहीशी झाली, ती त्यानं वर नेऊन बसवली. मग तीही सापडेना. दर वेळी बाई सांगत, हे जरा आत घ्या, ते जरा आत घ्या, आणि दर वेळी उत्तरेश्वर, "घेतो की, त्याला काय लागतंय," म्हणत चित्रं आत ओढी. एकदा मात्र तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मॅडम, आजूबाजूला येवढी जागा मोकळी हाय, अन् सगळी गर्दी मधीच कशापायी?"

"गर्दीत राहायची सवय आहे मला. पुण्यातली आहे," बाई म्हणाल्या. पण त्या दुपारी त्या नीट जेवल्या नाहीत. सकाळी नम्रतानं वाढून ठेवलेल्या ताटाच्या कडेची कोशिंबीर तशीच राहिली आणि तिनं संध्याकाळी विचारलं, आवडली नाही का. कोशिंबीर होती हे बाईंना तेव्हा कळलं.

डिसेंबरात सांगलीहून चुलत दिरांचा फोन आला. कुलवृत्तांताची कच्ची पानं त्यांना तपासायला पाठवली होती. ते म्हणाले, "वहिनी, आमच्या वाकड्यात शिरलात का? आमच्या शाखेच्या चौकटी पानाच्या कडेला एकावर एक पडल्यात. माझे आजोबा माझ्याच मुलाखाली दडपले गेलेत."

"मॉनिटर जुना आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला. चौकटी त्यांनी स्वतः बसवल्या होत्या, एकेक मापून. त्या जागा तेव्हा मोकळ्या होत्या. त्यांनी पाहिल्या होत्या. निदान तसं त्यांना वाटत होतं, आणि पाहिलं असं वाटणं आणि पाहणं यांत फट पडू शकते ही कल्पना इतकी भयंकर होती की त्यांनी ती तिथल्या तिथे दाबली. शौनकला सांगितलं, मला नवा मॉनिटर हवा. चपटा. आजकाल मिळतो तसला.

संक्रांत झाली आणि उत्तरेश्वर नवा मॉनिटर घेऊन आला. सकाळची वेळ. शौनक आणि नम्रता कामावर गेले होते. अस्मिता शाळेचा गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून, दिवाणावर पाय हलवत बसली होती. उत्तरेश्वरनं जुना जाडजूड मॉनिटर उचलून खाली ठेवला, नवा मॉनिटर मांडला, वायरी जोडल्या. बाई आत अस्मिताचा डबा भरत होत्या.

"मॅडम, तुमची चित्रं व्हती तशीच ठेवली बरं का. मधीच," त्यानं हाक मारून सांगितलं. "या, बघून घ्या."

बाई स्वयंपाकघरातून डबा घेऊन आल्या आणि खोलीच्या दारात थबकल्या. आतापर्यंत त्यांनी स्क्रीन पाहिला होता तो नेहमी जवळून, नाक लावून, एकेक चित्र शोधत. आज पहिल्यांदा दारातून, लांबून पाहिला. लांबून तो लहान दिसत होता, आणि लहान होता म्हणून पहिल्यांदाच अख्खा दिसला. कोपऱ्यातल्या घड्याळासकट. निळ्याशार मोकळ्या मैदानात सगळी चित्रं मधोमध गोळा झालेली, एकमेकांना खेटून, कडेला वीत वीत जागा रिकामी.

बाईंनी ते पूर्वी पाहिलेलं होतं. तपकिरीची डबी, पाण्याचं भांडं, चष्म्याचं घर, पेन्सिली. आपल्याच लहान हातांनी रोज मांडलेलं.

त्या दोन पावलं पुढे गेल्या. घड्याळ गेलं. मागे आल्या. घड्याळ आलं. पुन्हा पुढे गेल्या, अगदी खुर्चीपर्यंत, आणि स्क्रीनवर फक्त मधला तो पुंजका उरला. त्यांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला, मग डाव्या; दोन्ही वेळा तेवढंच दिसलं. मॉनिटर कोरा करकरीत होता. त्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

"आता तरी नीट हाय न्हवं?" उत्तरेश्वरनं विचारलं.

एखादं खोचक उत्तर येईल म्हणून तो तयारीत उभा होता. बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्यांना भीती वाटत होती, लहान मुलाला वाटते तशी, उघडी भीती. एवढे दिवस जी मशीनवर ढकलली होती ती सगळी एकदम अंगावर आली.

"मशीन उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं काहीच चुकलं नाही. कधीच चुकलं नव्हतं."

उत्तरेश्वरला हे ऐकायची सवय नव्हती. तो गडबडला आणि जुना मॉनिटर बांधायला लागला.

"आजी, उशीर होतोय," अस्मिता दिवाणावरून उतरली. सवयीनं तिनं खिळ्यावरची स्कूटीची किल्ली काढून आजीपुढे धरली. बाईंना आवाज ऐकू आला, किल्ल्यांचा खुळखुळाट ऐकू आला, पण किल्ली धरलेला तो हात कुठे आहे हे त्यांना मान खाली वाकवून शोधावं लागलं. तो त्यांच्या पोटाशी होता. याच पोरीला मागे बसवून आपण सहा महिने शाळेच्या वाटेवरचा लक्ष्मीनारायणाचा चौक ओलांडत होतो, हे त्यांना तेव्हा स्पष्ट दिसलं, आणि त्या अस्मितापुढे खाली बसल्या.

"रोज तू ओरडायचीस. रिक्षा, बस," त्यांनी विचारलं. "तुला कळलं होतं?"

अस्मितानं मान हलवली. मग घाईघाईनं म्हणाली, "मी कोणाला नाही सांगितलं."

बाईंनी किल्ली घेतली आणि उत्तरेश्वरच्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवा, मुलगा आला की त्यालाच द्यायला सांगा, मी मागितली तरी मला द्यायची नाही, असं त्यांनी बजावलं. मग त्या अस्मिताचा हात धरून चालत शाळेकडे निघाल्या. जिन्यात अस्मिता पुढे झाली आणि दर पायरीला "हं, हं" म्हणत राहिली. शाळेच्या फाटकापर्यंत बाईंनी तिचा हात सोडला नाही.

परत येऊन त्यांनी शौनकच्या ऑफिसात फोन लावला. तो मीटिंगमधून बाहेर आला, आई कामाच्या वेळी कधी फोन करत नसे म्हणून धास्तावलेला.

"शौनक, मी कॉपी केली," बाई म्हणाल्या.

"काय? कुठे?"

"त्या डोळ्यांच्या परीक्षेत. त्यांनी परत बोलावलं होतं. मी तुला सांगितलं नाही."

मग तो म्हणाला, "मी येतो." हिंजवडीहून ऐन दुपारी रिक्षा करून तो आला आणि आईला दवाखान्यात घेऊन गेला.

खोली तीच, अंधारी. परातीसारखं यंत्र तेच, आणि मुलगीही तीच. तिनं ओळख दाखवली नाही. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, गेलं असेल ते परत येणार नाही, उरलं असेल ते थेंबांनी राखता येईल, पण किती उरलंय ते आधी खरं कळलं पाहिजे. बाईंनी हनुवटी टेकवली. बटण हातात घेतलं. समोरच्या ठिपक्याकडे नजर लावली.

टक.

काही दिसलं नाही. बाईंचा अंगठा बटणावर होता, सवयीनं खाली जाऊ पाहत होता. त्यांनी तो उचलून धरला. पुन्हा टक झालं. पुन्हा काही नाही. बाहेरच्या बाकावर शौनक बसला होता आणि भिंतीतून त्यालाही तो आवाज ऐकू येत असेल का, असा विचार बाईंच्या मनात आला. टक. टक. मधेच एखादी ठिणगी अगदी समोर चमकायची, तेवढ्यापुरतं त्या दाबायच्या, आणि मग पुन्हा आवाज येत राहायचे, एकामागून एक, अंधारात. बाई डोळे उघडे ठेवून, अंगठा वर धरून, कोरा पेपर देत बसल्या.